पंखातली तांब्याची जाळी

९ जून २०२५ रोजी सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याला प्रवासी विमान सुरू झाले. चिमणीपासून धावपट्टीपर्यंतचे वाद आपण इतकी वर्षे ऐकले, की विमान खरोखर उडाले तेव्हा त्याच्याविषयी वेगळे काही विचारायचे राहूनच गेले. ते विमान कशाचे बनले आहे, हे कुणी विचारले नाही. मी कविता लिहिणारी, बी.ए.पर्यंत शिकलेली बाई. पण जुळे सोलापुरात घराच्या गच्चीवर वाळवण घालताना डोक्यावरून जे जाते, त्याची चौकशी करायला पदवी लागत नाही.

गोव्याला निघालेले ते विमान एटीआर ७२ जातीचे. ही जात १९८९ साली प्रवासी सेवेत आली, तेव्हा तिच्या पंखांचे बाहेरच्या बाजूचे मोठे भाग अ‍ॅल्युमिनियमचे नव्हते, ते कार्बन तंतूंचे होते. पंखाचा भार पेलणारा मुख्य भाग कार्बनचा असलेले ते पहिले प्रवासी विमान. म्हणजे आपल्यावरून जाणारे विमान निदान काही अंशी धाग्याचे आहे.

सोलापूरकराला धागा समजावून सांगावा लागत नाही. माझे अब्बा यंत्रमागावर होते. ताणा, बाणा, तुटलेला तार जोडणे हे आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. कार्बनचा तंतू आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका बारीक असतो. असे हजारो तंतू एकत्र करून त्यांची लड करतात. कधी तिचे कापड विणतात, तर बरेचदा न विणताच तिच्या पट्ट्या एकावर एक अंथरतात. एक थर उभा, दुसरा आडवा, तिसरा तिरका. मधे चिकट राळ असते. मग सगळे दाबाखाली भट्टीत भाजले, की लोखंडाला लाजवील असा हलका आणि ताठ पत्रा तयार होतो. माझा एक भाचा असेच भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. त्याने एकदा तुकडा आणून दाखवला. मी सवयीने इंचाला किती धागे आहेत ते मोजू लागले. तो हसून म्हणाला, “खाला, हे अंथरायचं नाही, उडवायचं आहे.” आज जे सांगते आहे त्यातले पुष्कळसे त्याच्याकडूनच शिकले, उरलेले वाचून.

या पत्र्याचे गुण सगळे सांगतात. हलका, न गंजणारा, वारंवार वाकूनही न थकणारा. पण त्याला एक वैरी आहे आणि तो ढगातच राहतो.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग कसे चढतात हे सांगायला नको. दुपारपर्यंत ऊन, चारला पश्चिमेकडे काळोख, पाचला कडकडाट. शेतातल्या माणसासाठी ती वीज म्हणजे जिवाचा धोका. विमानासाठी ती जवळजवळ नेहमीची पाहुणी आहे. प्रवासी विमानावर सरासरीने वर्षाकाठी एकदा तरी वीज येते, असा जगभरचा हिशेब आहे. आणि ती बहुतेक वेळा विमान उंच आकाशात निवांत असताना येत नाही. चढताना किंवा उतरताना, ढगाच्या आत, जिथे पाणी गोठू लागते त्या पट्ट्याच्या आसपास येते. आपल्या हवेत उन्हाळ्यात हा पट्टा सुमारे पाच किलोमीटर उंचीवर असतो. मोठी जेट विमाने तो पट्टा काही मिनिटांत ओलांडून वर जातात. पंख्याची विमाने मात्र पाच-सहा किलोमीटरवरच प्रवास करतात. म्हणजे त्यांचा संसार त्या मोहल्ल्यातच.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने याचा छडा लावण्यासाठी १९८० ते १९८६ या काळात एफ-१०६ जातीचे एक लढाऊ विमान मुद्दाम वादळी ढगांत घुसवले. त्याच्यावर ७१४ वेळा वीज आली. त्यातून एक समजूत मोडली. आपल्याला वाटते, वीज कुठून तरी येते आणि वाटेत विमान सापडते. तसे क्वचितच घडते. ढगातल्या विद्युतभारित हवेत विमान शिरले, की त्याच्या नाकापासून आणि शेपटीपासून दोन्हीकडे ठिणगीच्या वाटा फुटतात आणि त्या वाटांवरून वीज धावते. बहुतेक वेळा विमानच विजेला आवतण देते. मग ती नाकातून किंवा पंखाच्या टोकातून शिरते, अंगावरून जाते आणि शेपटीतून बाहेर पडते. विमान तर थांबलेले नसते. ताशी ५०० किलोमीटर वेगाने ते अर्ध्या सेकंदात सुमारे ७० मीटर पुढे जाते आणि एटीआर आहे अवघे २७ मीटर लांब. म्हणून विजेची दोरी एका जागी न राहता टप्पे घेत मागे सरकते. नाक, मग अंग, पंखाची पाठ, शेपटी. ज्या ज्या ठिकाणी टप्पा पडतो तिथे डाग उरतो.

विमान अ‍ॅल्युमिनियमचे असताना हे सगळे बऱ्यापैकी निभावत असे. धातूचे बंद डबडे असले, की वीज बाहेरच्या कातडीवरूनच निघून जाते, आतल्या माणसाला ती शिवत नाही. हे मायकेल फॅरडेने १८३६ साली दाखवून दिले होते. तरीही अपघात झाले. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या एल्कटन गावाजवळ पॅन अ‍ॅम कंपनीचे बोइंग ७०७ विमान वादळात पडले आणि आतली सर्व ८१ माणसे मेली. चौकशीत निघाले, की डाव्या पंखाच्या बाहेरच्या टाकीतली इंधनाची वाफ विजेमुळे पेटली. माणसाच्या अंगाला वीज लागत नव्हती हे खरे, पण इंधन पंखात असते आणि पंख विजेच्या वाटेवर असतो. विजेपासून विमान वाचवायचे याचा खरा अर्थ पंखातली टाकी वाचवायची, एवढाच आहे. बाकीचे सांभाळता येते.

आता त्या पंखाला अ‍ॅल्युमिनियमऐवजी कार्बनचे कातडे घातले, की काय होते? कार्बन वीज वाहून नेतो, पण अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने हजारपट वाईट. त्यातही एका थरातून दुसऱ्या थरात जाताना मधे राळ आडवी येते. विमाने तपासताना प्रयोगशाळेत दोन लाख अँपिअरचा झटका देतात. आपल्या घरातल्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. एवढा प्रवाह वाईट वाहकातून गेला, की तो तंतू भयंकर तापतो, राळेची वाफ होते आणि ती वाफ थरांच्या मधे कोंडून त्यांना उचकटते. वरून एक काळा डाग दिसतो. आत मात्र पदर सुटलेले असतात, जुन्या गोधडीसारखे.

त्यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आले होते. उपाय म्हणजे तांब्याची जाळी. अगदी पातळ तांब्याच्या पत्रीला चिरा पाडून ती ताणतात, म्हणजे तिला शंकरपाळ्यासारखी भोके पडतात. ही जाळी कार्बनच्या सर्वात वरच्या थरावर, रंगाच्या खाली बसवतात. वजन चौरस मीटरला शंभर-दोनशे ग्रॅम, काही ठिकाणी त्याहूनही कमी. आपला सोलापुरी टॉवेल याच्याहून जड भरेल. पण एवढ्या जाळीवरून विजेचा मोठा हिस्सा पसरून निघून जातो. जिथे ती आदळते तिथले तांबे वाफ होऊन उडते, आणि ते उडावे अशीच अपेक्षा असते. त्याने आपला जीव देऊन खालचा कार्बन वाचवायचा.

जाळी अ‍ॅल्युमिनियमची का नाही? ते हलके आणि स्वस्तही आहे. याचे उत्तर टॉर्चच्या साध्या सेलमध्ये आहे. सेलच्या मधोमध कार्बनची कांडी आणि भोवती जस्ताचे भांडे. ओल मिळाली, की वीज सुरू होते आणि जस्त खाल्ले जाते. कार्बनला अ‍ॅल्युमिनियम चिकटून बसले आणि दमट हवा लागली, की तसाच सेल तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. मधे काचतंतूंचा थर घालून काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमही वापरतात, पण तांबे कार्बनशी बरे नांदते. कार्बनच्या भागात बोल्ट टायटॅनियमचे का, याचेही कारण हेच.

आणि या बोल्टांपाशीच खरी अडचण आहे. कातडे वाचवायला जाळी पुरते. पण पंखाचे कातडे आतल्या फासळ्यांना जोडायला हजारो धातूचे खिळे-बोल्ट लागतात. प्रत्येकाचे डोके बाहेर, वादळात, आणि शेपूट आत, इंधनाच्या टाकीत. विजेला कार्बनपेक्षा धातू प्रिय. ती जाळीवरून पसरता पसरता बोल्टाचे डोके दिसले, की त्यातून आत उतरते.

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात बोल्ट भोकात घट्ट ठोकून बसवता येतो. धातू थोडा दबतो आणि बोल्टाला चहूबाजूंनी घट्ट धरतो. कार्बनच्या पत्र्यात तसे ठोकले, तर थर सुटतात. त्यामुळे भोक किंचित सैल ठेवावे लागते. त्या भोकाच्या भिंतीवर कापलेल्या तंतूंची टोके असतात, काही बोल्टाला टेकलेली, काही नाहीत. डोळ्याला न दिसणारी ती फट असते. वीज ती फट उडी मारून ओलांडते. उडी म्हणजे ठिणगी, ठिणगी म्हणजे तापलेला वायू, आणि कोंडलेला तापलेला वायू वाट शोधतो. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा तो नटाखालून टाकीच्या आत फुसकन सुटतो, त्याच्याबरोबर जळते कण जातात. इंधनाची वाफ पेटवायला किती ठिणगी पुरते, याचा तपासणीतला मापदंड एका मिलिज्यूलचा पाचवा हिस्सा एवढा आहे. हिवाळ्यात नायलॉनचे कपडे काढून दाराच्या कडीला हात लावला, की जो चटका जाणवतो, तो याच्यापेक्षा मोठा असतो. एवढ्या क्षुद्र ठिणगीला घाबरायचे, आणि तेही दोन लाख अँपिअरच्या समोर उभे राहून. सगळा खेळ या विषमतेचा आहे.

म्हणून त्या एका बोल्टाभोवती पहारे बसवले आहेत. पहिला पहारा भोकातच. बोल्टाला पोलादाची एक पातळ बाही चढवतात. बाही आधी सैलपणे भोकात जाते, मग बोल्ट आत ओढला, की ती फुगते आणि भोकाच्या भिंतीला सगळीकडून चिकटते. फटही मिटते आणि थरही सुटत नाहीत, कारण घासला जातो तो बाहीचा आतला भाग, कार्बन नव्हे. मला ही युक्ती फार आवडते. बांगडी भरणारी बाई हात न दुखवता बांगडी चढवते, तसे हे काम. दुसरा पहारा डोक्यापाशी. काही ठिकाणी डोके जाळीला नीट जोडतात, म्हणजे प्रवाह एकाच बोल्टावर न येता शेजारच्या पन्नास जणांत वाटला जातो. काही ठिकाणी उलट करतात, डोक्यावर विजेला अडवणारे आवरण बसवतात. तिसरा पहारा टाकीच्या आत, नटावर. तिथे लुकणासारखा लवचीक लेप भरलेली छोटी टोपी बसवतात. बोल्टापाशी ठिणगी पडलीच, तर ती टोपीत कोंडून मरावी. आणि चौथा, नव्या मोठ्या विमानांत, टाकीतल्या मोकळ्या जागेत नायट्रोजन सोडण्याचा. प्राणवायूच कमी केला, की पेटायला काही उरत नाही.

टोप्यांचे काम हातचे आहे. एका पंखात त्या हजारोंनी असतात आणि प्रत्येक टोपी कुणीतरी बोटांनी बसवलेली असते. आमच्याकडे हजार वावांतला एक तार तुटला, तर चादरीत एक रेघ दिसते, गिऱ्हाईक दहा रुपये कमी देते. इथे चूक दिसतही नाही.

हे पहारे महाग आहेत, वजन वाढवतात आणि कारखान्यात वेळ खातात. म्हणून त्यांच्याविषयी भांडणे होतात. डिसेंबर २०१९मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांतून असे एक भांडण बाहेर आले. बोइंग कंपनीने आपल्या ७८७ या कार्बनच्या विमानाच्या पंखांतली काही ठिकाणची तांब्याची पत्री आणि बोल्टांवरची काही आवरणे काढून टाकली होती. नियमन करणाऱ्या सरकारी खात्यातल्या तज्ज्ञ अभियंत्यांनी आधी त्याला हरकत घेतली. कंपनीने वरिष्ठांकडे दाद मागितली आणि वरिष्ठांनी परवानगी दिली. अमेरिकी संसदेच्या वाहतूक समितीच्या अध्यक्षांनी त्यावर जाब विचारणारे पत्र लिहिले. कंपनीचे म्हणणे असे, की बाकीचे थर आणि नायट्रोजन पुरेसे आहेत. विजेने टाकी पेटून ७८७ पडले, असे आजवर घडलेले नाही हेही खरे. तरी मला त्या हरकत घेणाऱ्यांचे पटते. चार पहारे याच हिशेबाने ठेवलेले असतात, की एखाद्या रात्री त्यातला एक झोपलेला असेल. तिघे जागे आहेत म्हणून चौथ्याला घरी पाठवायचे, तर तिघांपैकी कुणी झोपत नाही हे आधी सिद्ध करावे लागते.

दुसरे भांडण रंगावरून झाले. कतार एअरवेजने एअरबसची ए३५० विमाने घेतली होती. तीही कार्बनचीच. त्यांच्या अंगावरचा रंग तडकून पोपडे निघू लागले आणि खालची तांब्याची जाळी उघडी पडली. रंग गेला म्हणजे शोभा गेली, असे कुणी म्हणेल. पण ती जाळी विजेसाठी होती, म्हणून कतारच्या नियामकाने वीसहून अधिक विमाने जमिनीवर उभी केली. एअरबस आणि युरोपचे नियामक म्हणत होते, की उडण्याला धोका नाही. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २०२३मध्ये तडजोड झाली. यातली एक गंमत सांगते. रंग कमी असणे वाईट, तसे जास्त असणेही वाईट. थरावर थर देऊन रंग जाड केला, तर विजेला पुढच्या टप्प्यावर सरकणे जड जाते. ती एकाच जागी रेंगाळते आणि खोल जाळते. म्हणून कार्बनच्या विमानाला पुन्हा रंगवताना जाडीला मर्यादा घालावी लागते. घराला दिवाळीच्या आधी वर्षानुवर्षे हात मारत जावे, तसे इथे चालत नाही.

हे सगळे परदेशातले, असे समजू नका. ७८७ विमानातल्या माणसांच्या पायाखालची जमीन ज्या कार्बनच्या तुळयांवर उभी असते, त्यांतल्या काही तुळया नागपूरच्या मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बनल्या. आपले तेजस हे लढाऊ विमान बरेचसे कार्बनचेच आहे, त्याचे पंखही. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेले पहिले तेजस १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले. म्हणजे कार्बनला भोक पाडणे, त्यात बोल्ट बसवणे आणि ते नीट बसले की नाही हे पाहणे हे काम आता मराठी मुले-मुली महाराष्ट्रात करत आहेत. माझ्या भाच्याला मी विचारले, “सगळ्यात अवघड काय?” मला वाटले, मोठमोठ्या यंत्रांचे नाव घेईल. तो म्हणाला, “भोक स्वच्छ पाडणं. ड्रिल बोथट झालं की तंतू कापले जात नाहीत, फाटतात.” धोटा खडबडीत झाला, की तार तुटतो, असे अब्बा म्हणायचे. दोघांची भेट झाली असती, तर त्यांना एकमेकांचे बोलणे समजले असते.

वीज येऊन गेल्यावर पुढे काय होते, तेही सांगते, कारण विमानात बसलेल्याला फक्त एक लखलखाट आणि धडाका कळतो. वैमानिक उतरल्यावर नोंद करतो. मग अभियंते विमानाभोवती फिरून नाक, पंखांची टोके, शेपटी पाहतात. डाग कधी शिसपेन्सिलीच्या टोकाएवढे, कधी रुपयाएवढे असतात. एक शिरल्याचा आणि एक बाहेर पडल्याचा, असे निदान दोन सापडलेच पाहिजेत. एकच सापडला, तर शोध संपलेला नसतो. कार्बनच्या भागावर डाग असेल, तर लहानशा हातोडीने टकटक करतात. माठ घेताना आपण वाजवून पाहतो ना, अगदी तसेच. चांगला भाग खणखणतो, थर सुटलेला भाग बद्द वाजतो. त्यानंतर ध्वनिलहरींच्या यंत्राने आत किती दूर सुटले आहे ते मोजतात. खराब भाग पायरी-पायरीने खरवडायचा, त्याच दिशांनी नवे थर भरायचे आणि वर तांब्याच्या जाळीचा नवा तुकडा जुन्या जाळीवर चढेल असा बसवायचा. नुसता कार्बन भरला आणि जाळी जोडायची राहिली, तर पंख मजबूत होतो, पण विजेची वाट तिथे तुटलेली असते. म्हणून शेवटी मीटर लावून वाट सलग झाली की नाही ते तपासतात. आणि टाकीतल्या टोप्या? बाहेरून त्या दिसत नाहीत. मोठ्या विमानांत टाकी रिकामी करायची, तिच्यात वारा खेळवून वाफ घालवायची, मग एक माणूस पंखाच्या छोट्या झरोक्यातून सरपटत आत शिरतो आणि दिव्याच्या उजेडात एकेका नटावरून बोट फिरवत पुढे जातो.